फ्रेंच डिफेन्समध्ये सातव्या चालीले घोडा गेला, पोरगी म्हणते ओपनिंगच बदलतो. काय करावं?

दर्यापूरचा_बाप

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राह्यलो. शेती आहे, कापूस अन् तूर, खारपाणपट्टा असल्यानं विहिरीचं पाणी पिकाले चालत नाही म्हणून सगळं वरच्या पाण्यावर. हे याच्यासाठी सांगतो की इथं आजूबाजूले चेसचा कोच कोणी नाही, चांगला क्लास लावा असं सांगाल तर ते आमच्यानं होणार नाही. मले स्वतःले मोहरे कसे चालतात तेवढंच समजते.

पोरगी बारा वर्षांची, सातवीत. चौथीत असताना शाळेतल्या सरांनी तिले पटावर बसवलं, मधल्या सुट्टीत रोज एक डाव. फ्रेंच डिफेन्स त्यांनीच शिकवली, म्हणजे समोरच्यानं ई४ केलं (राजापुढचं प्यादं दोन घरं) की आपण ई६ (एक घर). दोन वर्षांआधी सरांची बदली झाली, तवापासून ती मोबाईलवरच खेळते अन् सरांनी दिलेली एक शंभर पानी वही आहे त्यातून पाहते.

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीले रेटेड स्पर्धा होती, तिची तिसरी. नव्वद मिनिटं अधिक दर चालीले तीस सेकंद. घरी कापसाची वेचणी सुरू, बायका मिळत नाहीत, तरी वेचणी दोन दिवस थांबवून गेलो. चार राउंडात तिचे तीन गुण झाले होते, लय खूश होती. पाचव्या राउंडले १६०२ रेटिंगचा (ताकद दाखवणारा आकडा) पोरगा आला, हिचं १४५२. हिच्याकडे काळे मोहरे. स्कोअरशीट पाहून लिहितो (मोहऱ्याचं नाव नसलं तं प्यादं, × म्हणजे मारलं), चुकलं तर सांगा:

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४ घोडा×डी४ ८. घोडा×डी४ उंट डी७ ९. घोडा एफ३

इथं एक घोडा देऊन एकच प्यादं आलं. तरी ती ४३ चालीपर्यंत लढली अन् मग हरली. पालकांना आत बसू देत नाहीत, मी बाहेर लिंबाखाली होतो. ती बाहेर आली तं रडली नाही काही नाही, फक्त पाणी मागितलं.

येताना एसटीत तिनं तो मॅग्नेटचा छोटा पट काढला, त्यातल्या एका काळ्या घोड्याचा मॅग्नेट ढिला झाला आहे, गाडी गचकली की तो पडते, अन् तोच घोडा हा सी६ वाला. दर वेळी उचलून ठेवत तिनं मले दाखवलं. म्हणे बाबा, डी४ चं प्यादं फुकटात दिसलं, मी घोड्याले हात लावला, अन् हात लावल्यावर मले दिसलं की उंटाचा शह आहे. मग काय करतो, हात लागला होता. समोरच्या पोरानं पण पाह्यलं होतं. मग मारला.

बाहेर एक जण उभे होते, त्यांचा पोरगा चांगला खेळते, त्यांनी सांगितलं फ्रेंच सोडून द्या, लहान मुलांनी ई४ ले ई५ च खेळलं पाहिजे. अन् आता पोरगी पण तेच म्हणून राह्यली, फ्रेंच नाही खेळत म्हणे. सरांची वही तिनं कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. मले ते पाहून कसंतरी झालं, खरं सांगतो.

तं विचारायचं असं की खरंच ओपनिंग खराब आहे का? बदलावं का? अन् सातव्या चालीले खरं काय खेळायले पाहिजे होतं?

काळा_उंट_नागपूर

भाऊ, पहिले तं स्कोअरशीट जपून ठेवा, हा डाव हरलेला असला तरी शिकायले लय कामाचा आहे.

मी पंधरा वर्षं फ्रेंचच खेळून राह्यलो, म्हणून माझं थोडं वजन फ्रेंचच्या बाजूनं पडन, ते धरून वाचा.

हा फ्रेंचमधला ॲडव्हान्स प्रकार आहे, म्हणजे पांढऱ्यानं तिसऱ्या चालीले प्यादं ई५ ले ढकललं. मधात डी४ अन् ई५ अशी प्याद्यांची साखळी झाली. काळ्याचं सगळं काम एकच, त्या साखळीच्या बुडावर हल्ला करणं. आपल्याकडं पऱ्हाटी उपटताना बोंडाले धरून ओढत नाही कोणी, बुडाले चिमटा लावतात, तसंच. ई५ ले कितीही धक्के मारा, ते हलत नाही, डी४ हललं की ई५ आपोआप लटकते. म्हणून सी५, म्हणून घोडा सी६, म्हणून वजीर बी६. तुमच्या पोरीच्या पहिल्या पाच चाली एकदम बरोबर आहेत, त्यात एक पण चूक नाही.

आता सहावी. पांढऱ्यानं उंट डी३ ले ठेवला. उंट तिथं बसला की त्याच्या मागचा डी१ वरचा वजीर झाकल्या जातो, म्हणजे डी४ ले राखणारा एकटा एफ३ चा घोडा उरला. काळ्याचे मारणारे दोन, घोडा अन् वजीर. मोजलं की प्यादं फुकट दिसते. अन् इथंच फास आहे. घोड्यानं मारलं, त्यानं घोड्यानं मारलं, वजिरानं मारलं, की पांढरा उंट डी३ वरून उठून बी५ ले जाते अन् शह देते. उंट उठल्याबरोबर मागचा वजीर उघडा झाला, तो डी४ वरच्या काळ्या वजिरावर. राजाले शह असल्यानं वजीर हलवता येत नाही. वजीर गेला. हा फास लय जुना आहे, अन् फ्रेंच खेळणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी यात पडलेला असते, मी दहावीत असताना पडलो होतो अन् मी तं वजीरच घालवला होता.

तुमच्या पोरीनं वजीर घालवला नाही हे पहा. तिनं आठव्या चालीले उंट डी७ खेळलं. ही चाल साधी नाही. उंट डी७ ले आला की बी५ वरचा शहच संपला, म्हणजे आता वजिरानं डी४ चा घोडा खरंच मारायची धमकी आली. पोरगं जर तिथं आपलं कॅसलिंग (राजा अन् हत्तीची एकत्र चाल) करून बसलं असतं तं हिनं घोडा मारला असता अन् वरून एक प्यादं जास्त. त्यानं ९. घोडा एफ३ करून घोडा वाचवला, म्हणून ती मागं पडली. बारा वर्षांच्या पोरीले एक मोहरा जाऊन राह्यलं हे माहीत असताना, छाती धडधडत असताना, ती चाल दिसली. हे तिले नक्की सांगा.

अन् आता मुख्य गोष्ट. खरी चाल होती ७... उंट डी७ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). पहिले उंट, मग घोड्यानं मारणं. तिनं पहिले मारलं, मग उंट. चाली त्याच दोन, क्रम उलटा झाला, अन् त्या क्रमात एका घोड्याचा फरक पडला. ओपनिंग खराब असती तं मी सांगितलं असतं.

ई५_यवतमाळ

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कोणी राग मानू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि शाळेची पोरं स्पर्धेला घेऊन जातो. ते गृहस्थ बाहेर जे बोलले त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. फ्रेंच वाईट म्हणून नाही, पण त्यात काळ्याचा सी८ वरचा उंट स्वतःच्याच ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जातो आणि तो बाहेर काढायला कधी कधी वीस चाली लागतात. पट बंद राहतो. लहान वयात उघडा पट पाहिजे, मोहरे पटापट बाहेर, कॅसलिंग, मग मारामारी, त्यातूनच शह, दुहेरी हल्ला, उघडा हल्ला हे सगळं डोळ्यात बसतं. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४, म्हणजे इटालियन, हे शंभर डाव खेळलेल्या पोराला बी५ चा तो शह हात लावायच्या आधी दिसला असता असं माझं मत आहे. पाठ केलेली ओपनिंग असली की आपण चाल आठवतो, पट पाहत नाही, आणि इथे तेच झालं असावं.

पण वही कपाटात टाकू नका. दोन्ही करता येतं. स्पर्धेत फ्रेंच, घरी मोबाईलवर वर्षभर ई५. मी माझ्या पोरांना हेच सांगतो.

काळा_उंट_नागपूर

सर, उघडा पट पाहिजे हे मान्य, पूर्ण मान्य. पण उंट कोंडते म्हणून लहानांनी खेळू नये हे नाही पटत. त्या एका उंटाले बाहेर कसं काढावं हा विचार करत करतच मी प्लॅन करणं शिकलो. बोटविनिक फ्रेंच खेळायचा, कोर्चनॉय खेळायचा, अन् जर्मनीचा उलमन तं जवळपास अख्खी कारकीर्द ई४ ले ई६ च करत राह्यला. ओपनिंगचं नाव पण १८३४ पासूनचं आहे, लंडन अन् पॅरिसच्या क्लबात पत्रानं डाव सुरू झाले, त्यात पॅरिसवाल्यांनी ई६ केलं म्हणून फ्रेंच. पत्रानं खेळणारे लोक एका चालीवर कित्येक दिवस विचार करायचे, त्यांनी ही निवडली, म्हणजे काहीतरी पाहूनच निवडली असन.

अन् हा डाव तर बंद पटाचा नव्हताच सर. सातव्या चालीले मध्यभागी मारामारी सुरू झाली होती.

आर्बिटर_अकोला

मी हे सगळं वाचत होतो आणि मला वेगळीच गोष्ट खटकते आहे, ओपनिंगवर मी बोलत नाही.

दर्यापूरचे भाऊ, एक नीट विचारून सांगा. मुलीने हात फक्त आपल्या घोड्याला लावला होता की डी४ च्या प्याद्याला पण लागला होता? काय आधी, काय नंतर, तिला आठवत असेल तर तंतोतंत सांगा. याच्यावर पूर्ण उत्तर अवलंबून आहे.

दर्यापूरचा_बाप

साहेब आत्ताच विचारलं, शाळेतून आली आहे. फक्त घोडा. म्हणे घोड्याच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली, उचलला पण नव्हता, तेवढ्यात बी५ दिसलं, मग बोटं तशीच ठेवून विचार केला. किती वेळ विचारलं तं म्हणे लय वेळ, पाच मिनिटं असन. घड्याळात तिचे सत्तर मिनिटं होते. प्याद्याले हात नाही लावला. पण तिले वाटलं मारायले घेतला म्हणजे मारावंच लागते.

काहून, काय झालं?

आर्बिटर_अकोला

मग भाऊ, तिला मारावं लागत नव्हतं.

टच मूव्हचा, म्हणजे हात लावण्याचा, नियम असा आहे. आपली पाळी असताना आपल्या मोहऱ्याला हलवायच्या इराद्याने हात लावला, तर तो मोहरा हलवायचा. कुठे हलवायचा हे खेळाडूने ठरवायचं, त्या मोहऱ्याची कोणतीही नियमात बसणारी चाल चालते. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला तर तो मारता येत असेल तर मारायचा. आणि दोन्हीला हात लावला, आपला पण आणि त्याचा पण, तरच आपल्या त्या मोहऱ्याने त्याचा तो मोहरा मारणं बंधनकारक होतं, शक्य असेल तर. तिने फक्त घोड्याला बोट लावलं. मनात डी४ मारायचं होतं, पण मनाला टच मूव्ह लागू होत नाही. घोडा हलवायचा होता एवढंच.

सी६ चा घोडा त्या पोझिशनमधून कुठे कुठे जाऊ शकत होता ते मोजा. ए५, बी४, बी८, डी८, ई७, आणि मारायच्या दोन, डी४ व ई५. सात चाली. तिने त्यातली एक निवडली कारण तिला वाटलं एकच आहे.

अजून एक. अशी शंका आली की घड्याळ थांबवून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवता येतं, लहान मुलांना हे कोणी सांगत नाही, ती घाबरतात की घड्याळ थांबवलं तर काही दंड होईल. खरी शंका असेल तर काही होत नाही. हात वर करायचा, घड्याळाचं बटण दाबून थांबवायचं, आणि विचारायचं की मी घोड्याला हात लावला आहे, तर मला काय करणं भाग आहे. आर्बिटरने नियम सांगायचा असतो, चाल नाही. मी कित्येक स्पर्धांत पाहिलं आहे, पोरं हात लागला की डोळे भरून वाईट चाल खेळून टाकतात. माझं मत असं आहे की ओपनिंग शिकवायच्या आधी टच मूव्हचं हे अर्धं राहिलेलं वाक्य शिकवायला पाहिजे. "हात लावला तर चालावं लागतं" हे सगळे सांगतात, "कुठंही चालता येतं" हे कोणी सांगत नाही.

रेटिंगची चिंता करू नका. १५० गुणांचा फरक म्हणजे तिच्याकडून अपेक्षा ०.३०, लहान मुलांना के (एका डावाने रेटिंग किती हलतं तो गुणक) ४० असतो, म्हणजे या हरण्याचे १२ गुण गेले. तेवढ्याच फरकाच्या खेळाडूला हरवलं असतं तर २८ मिळाले असते. पुढच्या एखाद्या डावात निघून जाईल.

काळा_उंट_नागपूर

साहेब, हे वाचून मी लगेच पट मांडला. माझ्या डोक्यात हे आलंच नाही, मी पण मारणं धरूनच चाललो होतो.

७... घोडा बी४! डी३ च्या उंटावरच हल्ला. पांढऱ्यानं दुर्लक्ष करून कॅसलिंग केलं तं घोडा डी३ चा उंट मारते, वजिरानं परत मारलं, काळ्याकडे दोन उंटांची जोडी अन् दोघांचे मोहरे बरोबरीत. ८. ए३ करून हाकललं तं घोडा डी३ वर मारते अन् वरून शह. ८. उंट बी५ शह दिला तं बी६ चा वजीर तो उंट फुकटच मारते. उंट ई२ ले मागं नेला तं त्याची एक चाल वाया, अन् मग काळ्याचा उंट डी७. ही काही सर्वात चांगली चाल आहे असं म्हणत नाही, विकासात काळा थोडा मागं राहते, पण एक पण मोहरा जात नाही. डाव सुरूच राहते. पाच मिनिटं बोटं ठेवून बसली होती ना ती, तिच्यासमोरच होती ही चाल.

ई५_यवतमाळ

हे मी उद्याच वर्गात सांगतो. मी स्वतः पोरांना "लावला हात तर मारा" असंच म्हणत आलो, विचार न करता. आर्बिटर साहेब, खूप आभार.

माझं आधीचं मत थोडं बदलतो. तिला बी५ चा शह स्वतःच दिसला होता, थोडा उशिरा पण दिसला. म्हणजे पट पाहत नाही असं मी म्हणालो ते चूक. तिला हात मागे ठेवायची सवय लावा. माझ्याकडे एक पोरगा होता तो हात मांडीखाली दाबून बसायचा, विचार पूर्ण झाला की मगच हात बाहेर. पाहायला विचित्र दिसतं पण काम करतं.

वणीची_आई

मी चेसवर फारसं बोलणार नाही, माझा मुलगा खेळतो, मला आता आता कळायला लागलंय. पण भाऊंनी लिहिलंय की ती रडली नाही आणि फक्त पाणी मागितलं, ते वाचून मी थांबले. माझा मुलगा पण असाच. न रडणारी मुलं मनात ठेवतात. ओपनिंग बदलते म्हणणं म्हणजे तेच आहे हो, ती फ्रेंचवर रागावली नाहीये, त्या पाच मिनिटांवर रागावली आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे ती सांगते. हरलेला डाव त्याच आठवड्यात वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, इंजिन (चाली तपासणारा चेसचा प्रोग्राम) न लावता. प्रत्येक चालीखाली त्या वेळी मनात काय होतं ते एक ओळ. इंजिन नंतर. इंजिन आधी लावलं की मूल फक्त लाल खूण बघतं आणि वही मिटतं. आणि सरांची वही खाली काढताना तुम्ही काढू नका, तिला काढू द्या, घाई करू नका.

आणि मुली खेळतच नाहीत असं आपल्याकडे अजून म्हणणारे आहेत म्हणून सांगते, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, फायनलला कोनेरू हम्पीसारखी खेळाडू समोर, दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत आणि मग रॅपिडमध्ये जिंकली, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, वय १९. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या तीन मुली पट मागायला आमच्या घरी आल्या होत्या. त्यातली एक अजून येते.

दर्यापूरचा_बाप

सगळ्यांले मनापासून धन्यवाद. दोन दिवस लिहिलं नाही कारण वेचणी होती अन् पोरीले हे सगळं एकदम वाचून दाखवावं का नाही ते समजत नव्हतं.

काल रात्री जेवण झाल्यावर आर्बिटर साहेबांचं तेवढं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. मग म्हणे, "म्हणजे मले मारावं लागत नव्हतं?" मी म्हटलं नाही. परत म्हणे, "खरंच?" मग उठून पट आणला, मॅग्नेटवाला नाही, मोठा, अन् पूर्ण डाव सातव्या चालीपर्यंत मांडला अन् घोडा बी४ ले ठेवला. मी काहीच सांगितलं नव्हतं, काळा उंट भाऊंचं उत्तर वाचलं नव्हतं तिच्यासमोर. सात घरं तिनं बोटानं मोजली अन् बी४ ले थांबली. लय वेळ त्याच्याकडं पाहत राह्यली.

आज सकाळी वही खाली आलेली आहे. वणीच्या ताई, मी हात लावला नाही.

आता तिचे प्रश्न आहेत, मी लिहून घेतले. एक, ७... उंट डी७ खेळल्यावर पांढऱ्यानं डी४ राखलंच नाही अन् सरळ कॅसलिंग केलं तं मारायचं का? दोन, त्यानं उंट डी३ न खेळता सहाव्या चालीले ए३ केलं तं? सरांच्या वहीत ए३ चं पान आहे पण अर्धंच आहे, बदलीच्या आधीचं शेवटचं पान तेच.

काळा_उंट_नागपूर

बी४ स्वतः काढलं, वा. तिले माझ्याकडून शाबासकी सांगा.

पहिला प्रश्न. ८. कॅसलिंग केलं तं मारायचं, आता मारायचं. घोडा×डी४, घोडा×डी४, वजीर×डी४, अन् आता उंट बी५ ले काही अर्थ नाही, काळा उंट डी७ ले उभा आहे. प्यादं आलं. पण पांढरा हे मुद्दाम देते, याले मिल्नर-बॅरी गॅम्बिट म्हणतात, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी नावाच्या इंग्रज खेळाडूवरून, हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर होता. दहाव्या चालीले घोडा सी३ येते. आता ई५ चं दुसरं प्यादं पण फुकट दिसन. तिथं परत तोच मोह. ते मारता येते, नियमानं चूक नाही, पण मग पांढरे मोहरे धडाधड बाहेर येतात, हत्ती ई१, घोडा बी५, अन् काळ्याचा राजा अजून मधात. तिच्या वयाले मी सांगीन १०... ए६, शांत चाल, घोड्यासाठी बी५ बंद. एक प्यादं खिशात ठेवायचं, मग घोडा ई७ अन् घोडा सी६ करून मोहरे बाहेर काढायचे. हिसाब पुरा होतो.

एक सावधपण सांगतो. तिनं सहाव्या चालीलेच सी×डी४ न करता उंट डी७ केलं तं पांढरा डी४ नं सी५ चं प्यादं मारून घेऊ शकते. हे निम्झोविचनं १९११ ले कार्ल्सबाडच्या स्पर्धेत सालवेविरुद्ध केलं होतं, डी४ चं प्यादं सोडलं अन् त्या घरावर मोहरे बसवले. म्हणून पहिले सी×डी४, मग उंट डी७. क्रम, क्रम, क्रम.

दुसरा प्रश्न, ६. ए३. आजकाल हेच जास्त येते. त्याचा इरादा पुढं बी४ ढकलायचा. सोपं उत्तर आहे ६... सी४. आपलं प्यादं सी४ ले गेलं की त्यानं बी२ चं प्यादं दोन घरं बी४ ले ढकललं तरी ते एकच घर चाललं असं धरून आपण जाताजाता मारू शकतो (एन पासाँ), अन् बी३ चं घर त्याचं कायमचं कमजोर होते. मग घोडा ए५, उंट डी७, घोडा ई७, अन् बी३ वर डोळा. पण तिले हे समजावून सांगा की सी४ केलं म्हणजे डी४ च्या बुडावरचा हल्ला आपण सोडला. ही आता वेगळी लढाई आहे, वजिराच्या बाजूची, अन् नंतर कधीतरी एफ६ करून ई५ ले धक्का द्यावा लागते. पाठ करू नका, बी३ चं घर का कमजोर आहे एवढं तिनं स्वतःच्या शब्दात वहीत लिहावं.

ते अर्धं राह्यलेलं पान तिलेच पूरं करू द्या. कुठं अडली तं इथं पोझिशन लिहा, मी रात्री दहानंतर असतो.

दर्यापूरचा_बाप

लिहून राह्यली आहे. तुमचं ए३ चं मी वाचून दाखवलं तसं तिनं सरांच्या अर्ध्या पानाखाली रेघ मारून तारीख टाकली अन् तिथूनच सुरू केलं. विचारते आहे की घोडा ए५ ले गेल्यावर पांढऱ्यानं बी४ केलं अन् आपण सी४ नं जाताजाता मारलं, तं मग ए५ चा घोडा लटकत नाही ना?

काळा_उंट_नागपूर

नाही लटकत. जाताजाता मारलं की बी४ चं प्यादंच पटावरून जाते, ए५ ले मारणारं कोणी उरत नाही. उलट आपलं प्यादं बी३ ले पोचलं. अन् मारलं नाही तं मात्र ते बी४ चं प्यादं पुढच्या चालीले ए५ चा घोडा खाते, म्हणून मारायले विसरू नये. हा प्रश्न तिनं विचारला म्हणजे बरोबर घर पाहून राह्यली.